वायरलेस वहिनीची वायर

आमच्या गल्लीत माझ्या वहिनीला कोणी तिच्या नावाने हाक मारत नाही. सगळे तिला वायरलेस म्हणतात. भाजीवाला म्हणतो, समोरचा सायकलवाला म्हणतो, आणि ती घरात नसली की तिचा सख्खा नवराही म्हणतो. तिला हे माहीत आहे आणि तिला त्याचं काही वाटत नाही. एकदा बँकेत बाईंनी नाव विचारलं, तर हिच्या तोंडून आधी 'वाय' एवढंच बाहेर पडलं होतं.

काम तिचं तसंच आहे. पाण्याचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात ती मीटरच्या पोटात बसणारा रेडिओ तयार करते. माणसाने दारोदार फिरून आकडे वाचायला नकोत, मीटरनेच आपला आकडा हवेतून सांगावा, आणि तोही गोळीएवढ्या बॅटरीवर, वर्षानुवर्षं. "मुंगीच्या आवाजात बोलायचं आणि ते लांबवर ऐकू जायला हवं, असं आमचं काम असतं वन्सं," ती मला म्हणाली होती. मी म्हटलं, मग तू या घरात चुकून आलीस बाई, इथे मुंगीच्या आवाजात कोणीच बोलत नाही.

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात ती दाराची बेल उघडून बसली होती. ती बेल अशी खरखरायची की पाहुणा स्वतःच दचकून दोन पावलं मागे जायचा. स्क्रू एका वाटीत, झाकण मांडीवर, केसातली पिन दातात. मी मनात म्हटलं, आली बया, आता घर उघडून ठेवणार! संध्याकाळपर्यंत बेल गोड वाजायला लागली. आता माझं सांगते, मी शिवणकाम करते, पुढच्या खोलीत माझं दुकान आहे, आणि मोडलेली वस्तू नीट करणारं माणूस मला आवडतं. पण हे मी तिला बरीच वर्षं कळू दिलं नाही. नणंद आहे मी, काही रीत आहे की नाही!

तिच्या दोन सवयींनी मात्र मी मेटाकुटीला यायची. एक म्हणजे ती कधी 'झालं' म्हणत नाही. काम संपलं तरी 'बघू' म्हणते. दुसरी सवय तिच्या धंद्यातली: बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर सुधारलं कशामुळे आणि बिघडलं कशामुळे ते कळत नाही, म्हणे. कारखान्यात ठीक आहे हो, पण ही स्वयंपाकघरातही तेच करते. भाजी बिघडली की आपण काय करतो? थोडं मीठ, थोडं तिखट, जरा पाणी आणि देवाचं नाव. ही मीठ घालणार, चव घेणार, विचार करणार. मग तिखट, पुन्हा चव, पुन्हा विचार. तोवर आमच्या पोटातले कावळे ओरडून ओरडून झोपी जातात.

तर अशा या बाईने तो नियम एकदाच मोडला, आणि तोही अण्णांसाठी.

अण्णा म्हणजे आमचे वडील. आयुष्यभर कुलपं दुरुस्त केली. हात थरथरायला लागले तसं दुकान बंद केलं आणि मधमाश्या पाळल्या. लोक म्हणाले, अहो, थरथरत्या हातांनी मधमाश्या? अण्णा म्हणाले, "माश्यांना थरथरणं चालतं. कुलपांना चालत नव्हतं." कालव्याच्या पलीकडे, पत्र्याच्या गोदामामागे एक खोलगट जागा आहे, तिथे झाडांखाली त्यांच्या पेट्या आहेत. सकाळी जाताना घरातला म्हातारा जातो आणि दुपारी परत येतो तो शाळेतून सुटलेला पोरगा. खरं सांगते, आई गेल्यानंतर त्या पेट्यांनीच त्यांना उभं ठेवलं.

मध्यंतरी तिथे त्यांना चक्कर आली आणि ते पडले. त्या खड्ड्यात मोबाईलला रेंज नाही. गोदामाच्या राखणदाराला ते दिसेपर्यंत तसेच गवतात पडून होते. लागलं फारसं नाही, पण दादाने धसका घेतला. माझा दादा बस चालवतो आणि शेजारी कोणी शिंकलं तरी डॉक्टरला बोलवायला निघतो. त्याने अण्णांना न विचारता एका मधवाल्याशी बोलणी केली. महिनाअखेरच्या रविवारी तो येऊन सगळ्या पेट्या घेऊन जाणार, असं ठरलंसुद्धा.

अण्णा भांडले असते तर बरं झालं असतं. नुसते ताटावर बसायचे आणि उठायचे.

तेव्हा वहिनी म्हणाली, "मी बटण करून देते. तिकडे दाबलं की इकडे घंटी वाजेल."

दादा म्हणाला, "सगळ्यात लांबच्या पेटीपाशी उभं राहून दाबलं आणि घरात वाजली, तर पेट्या राहतील. नाहीतर रविवारी जातील. मला बाप हवाय, मध नको."

त्याचंही काही चुकत नव्हतं हो. तिथेच तर सगळी पंचाईत होती.

वहिनीने पहिलं बटण केलं ते साबणाच्या डबीएवढं. ते अगदी शेवटच्या पेटीपासूनही वाजलं. आम्ही टाळ्या पिटल्या. पण अण्णांनी ती डबी हातात घेतली, वजन केलं आणि परत दिली. "मी बैल आहे का, गळ्यात घंटा बांधून फिरायला? नाकापेक्षा मोती जड!" सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असे आमचे अण्णा. दादा म्हणाला छोटं कर, मी म्हटलं जरा सुबक कर, अण्णा म्हणाले कोटाच्या बटणाएवढं असेल तर बघतो. वहिनीने मान डोलावली आणि एका दमात सगळं बदलून टाकलं. डबी नवी, आतला बोर्ड बटणासारखा गोल, बॅटरी चपटी, अँटेनाची तार वेटोळं करून आत बसवली. इतकं गोजिरवाणं झालं की अण्णांनी ते आरशासमोर उभं राहून गळ्यात घालून पाहिलं. "मूर्ती लहान पण कीर्ती महान," म्हणाले.

कीर्ती कुठली महान! कालव्याच्या पुलापर्यंत जेमतेम वाजलं. त्यापुढे मुकं.

वहिनीचं तोंड एवढंसं झालं. बटण तिने टेबलावर ठेवलं, एका बारीक वायरीने कॉम्प्युटरला जोडलं, कानामागे पिन खोचली आणि म्हणाली, "सगळं एकदम बदललं. आता घोडं कुठे पेंड खातंय ते एकेक करूनच शोधायला हवं."

आणि ते घोडं शोधायला पायपीट कोणी करायची? मी! दादा बसवर, अण्णांना उमेद नाही, उरले कोण? मी बटण गळ्यात घालून चालत जायचं, पूल आला की दाबायचं, गोदाम आलं की दाबायचं. वहिनी गच्चीवर घंटी घेऊन उभी. घंटीवर एक आकडाही दिसतो, आवाज किती जोरात पोचला त्याचा. वाजली तर तिने माझ्या दुकानातलं लाल कापड हलवायचं, नाही वाजली तर पांढरं. खड्ड्यातून गच्ची दिसत नाही, म्हणून तिथे दाबून झालं की धापा टाकत बांधावर चढायचं आणि बघायचं. "उंटावरून शेळ्या हाकतेस तू," मी तिला म्हटलं. "आणि शेळीचे गुडघे दुखतात, ते कोण बघणार?"

आधी तिने जुनी जाडजूड बॅटरी लावून पाहिली. पुलापुढे पांढरं. ती काढून नवा बोर्ड जुन्या डबीत बसवला. तेही पांढरं. दर वेळी एकच बदल, आणि दर बदलाला माझी एक फेरी. पडद्यांची ऑर्डर तशीच पडलेली, गिऱ्हाईक दारात येऊन तोंड वाकडं करून जातंय.

एकदा पुलावर मी घराकडे पाठ करून दाबलं तर पांढरं, आणि घराकडे तोंड केलं तर लाल! मी धावत घरी आले, म्हटलं सापडलं. वहिनी हसू दाबत होती. "वन्सं, रागावू नका. माणसाचं अंग रेडिओला अडवतं. पाठ केली की तुम्ही मध्ये येता."

"सरळ सांग की. नणंद आडवी येते!"

"मी कुठे तसं म्हटलं?" ती म्हणाली आणि मग तिला हसू आवरेना. मलाही आवरेना. दोघी पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पण अंगामुळे थोडं कमी होतं, एवढं नाही, असं तिचं म्हणणं. पहिलं बटणही गळ्यातच होतं, ते कसं पोचत होतं मग? घोडं अजून पेंड खातच होतं आणि रविवार तर तोंडावर आलेला.

शनिवारी सकाळी माझं डोकं फिरलं. पडदेवाली बाई नको ते बोलून गेली होती. वहिनी गच्चीवरून हाक मारतेय, "वन्सं, चला ना." मी तणतणत तिच्या खोलीत गेले, टेबलावरचं बटण हिसका मारून उचललं, गळ्यात अडकवलं आणि निघाले. मनात म्हटलं, ही शेवटची फेरी, यापुढे मी नाही आणि माझे गुडघेही नाहीत.

पुलावर दाबलं. लाल. बरं, ते तर नेहमीचंच. गोदामापाशी दाबलं आणि मागे वळून पाहिलं तर लाल! मला वाटलं हिने चुकून भलतं कापड उचललं. खड्ड्यात उतरले, शेवटच्या पेटीपाशी दाबलं, बांधावर चढले, तर गच्चीवर आमची वायरलेस दोन्ही हातांनी लाल कापड फडकवत उड्या मारत होती. ते माझ्या गिऱ्हाइकाचं नवंकोरं साटीन होतं, पण त्या क्षणी मी त्यावर पाणी सोडलं.

मी घरी आले ती ओरडतच. "काय केलंस ग? काय बदललंस?"

"काहीच नाही, कालचंच पुन्हा तपासायचं होतं," ती म्हणाली. "म्हणूनच तर..." आणि ती थबकली. तिचं लक्ष माझ्या गळ्याकडे गेलं. "वन्सं, ही वायर?"

मी खाली पाहिलं. कॉम्प्युटरला जोडायची ती बारीक वायर बटणाला तशीच लोंबत होती. मी हिसका मारला तेव्हा पलीकडचं टोक सुटलं होतं, अलीकडचं नाही. एवढ्या मोठ्या रस्त्याने मी पालीसारखी शेपूट हलवत जाऊन आले होते, आणि एका माणसाने सांगितलं नाही!

"अग बाई, मोडलं का काही?" मी घाबरले.

"दुसऱ्या टोकाला काय जोडलं होतं?"

"काय जोडणार? लोंबत होतं नुसतं."

ती मटकन पायरीवर बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! टेबलावर मी तपासायची तेव्हा ही वायर लावलेलीच असायची. म्हणून टेबलावर सगळं छान. सोडवून तुमच्या गळ्यात घातलं की बिघडायचं."

मग तिने मला समजावलं. अँटेना म्हणजे एक हात. एका हाताने टाळी वाजत नाही. दुसरा हात म्हणजे बोर्डावरचं तांब्याचं पान. जुन्या डबीत बोर्ड तळहाताएवढा होता, त्यामुळे टाळी खणखणीत वाजायची. कोटाच्या बटणाएवढा केला तेव्हा तिने अँटेना ठेवली, पण दुसरा हातच कापून टाकला. ही लोंबती वायर नकळत तो दुसरा हात झाली होती.

"म्हणजे माझ्या रागामुळे सापडलं," मी म्हटलं.

"बघू," ती म्हणाली. "आता वायर काढून एकदा जाऊन या. मग लावून एकदा."

मी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर पळून गेली असती. पण गेले. वायर नाही, पांढरं. वायर आहे, लाल. माझे गुडघे गेले, पण जीव भांड्यात पडला.

दादा ड्यूटीवरून आला, त्याने ती शेपूट पाहिली आणि म्हणाला, "हे लोंबकळणं अण्णा गळ्यात घालतील? शक्यच नाही." वहिनी माझ्या दुकानाकडे बघत होती. तिथे उशीच्या कडेला लावायची गोल सुती दोरी पडली होती. तिने काही बोलायच्या आधीच मी ती उचलली. गळ्यातली दोरी तर हवीच होती ना? मग वायर त्या दोरीच्या पोटातच का नको!

मी दोरी उसवली, वायर आत घातली, वर मऊ कापड चढवून शिवायला घेतलं. "केवढी ठेवू?"

"वीतभराच्या जरा आत लागेल. पण तुम्ही लांबच ठेवा. मग थोडी थोडी कापत जुळवू."

"असं सांग ना, माया ठेवायची."

"माया?"

घ्या! इतकी वर्षं शिवणकाम करणाऱ्या नणंदेच्या घरात राहून हिला हे माहीत नाही. मी तिला फ्रॉकची शिवण उलटी करून दाखवली. आत जे जास्तीचं कापड सोडतात ना, ती माया. पोर वाढलं की उसवून सोडता येतं. माया न ठेवता कापलेलं कापड एकाच मापाचं राहतं, पुढे चिंध्याच त्याच्या. "तू त्या बोर्डाला मायाच ठेवली नाहीस बघ," मी म्हटलं. "आम्ही तिघांनी छोटं कर छोटं कर म्हटलं, आणि तू अगदी शिवणीवरच कात्री चालवलीस." ती नुसती 'माया' 'माया' असं पुटपुटत हसत राहिली.

मग अण्णांना गच्चीत स्टुलावर बसवलं, दाढी करायला बसवावं तसं. दोरी त्यांच्याच गळ्यात हवी, कारण अंगाप्रमाणे माप बदलतं. दादा गल्लीच्या टोकाला घंटी घेऊन उभा. मी दोरीचं टोक उसवून कात्रीने वायरचा एवढासा तुकडा कापायचा, अण्णांनी बटण दाबायचं, दादाने आकडा ओरडायचा. बस हाकणाऱ्याचा आवाज तो, गल्लीतले सगळे खिडक्यांत आले. आकडा वाढला की सायकलवाला सायकलची घंटी वाजवायचा. अण्णा वरवर कंटाळल्यासारखे बसले होते, पण प्रत्येक आकड्याला कान टवकारत होते. शेवटी कापलं तरी आकडा हलेना.

"अजून कापू?" मी विचारलं.

"नको," वहिनी म्हणाली. "थंडीत अण्णा जाड कोट घालतील, तेव्हा जरा फरक पडेल. राहू दे थोडी माया."

रविवारी मधवाला टेम्पो घेऊन आला. भला माणूस, पण मला तो यमदूतच वाटत होता. अण्णा आधीच निघून गेले होते, एकटे, गळ्यात दोरी. शेवटच्या पेटीपाशी पोचले की एकदा दाबायचं, असं ठरलं होतं. घंटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर. मी चहा टाकला, म्हटलं तेवढाच वेळ जाईल. मधवाल्याने चहा घेतला. दुसरा घेतला. घंटी गप्प.

"पोचले असतील आतापर्यंत," दादा हळूच म्हणाला.

वहिनी घंटीवरची नजर हलवत नव्हती. "बघू," म्हणाली, पण आवाज तिचा मुंगीचाच झाला होता. मधवाला उठला आणि टेम्पोतली दोरखंडं सोडायला लागला. मला इतकं वाईट वाटलं की मी त्याचा कप धुवायचा सोडून नुसताच धरून उभी राहिले.

आणि घंटी वाजली. वाजली ती थांबेचना! ठणाणा ठणाणा सुरूच. मी आनंदाने किंचाळले आणि त्याच दमात चपापले, कारण एकदाच दाबायचं ठरलं होतं ना? दादा पांढराफटक पडला आणि तसाच अनवाणी पळत सुटला. त्याच्यामागे मधवाला, त्याच्यामागे मी, आणि सगळ्यात मागे घंटी हातात घेऊन वहिनी. तिच्या हातात ती अजून वाजतच होती.

खड्ड्यात उतरून बघतो तर अण्णा झाडाखाली उभे, धडधाकट, मान वर, अंगठा बटणावर.

"अण्णा! पडलात का? काय झालं?" दादा रडकुंडीला आला होता.

"कोण पडलंय? अरे वर बघ, वर!"

फांदीला मधमाश्यांचा हा एवढा मोठा घोस लोंबत होता. एक पेटी भरून ओसंडली होती आणि नवा थवा बाहेर पडून तिथे जमला होता. सगळी फांदी सोनेरी, जिवंत, गुणगुणणारी. आम्ही तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

"एकदाच दाबायचं होतं ना अण्णा," दादा म्हणाला.

"ते होय? ते मी विसरूनच गेलो बघ. हे दिसलं, आणि एकट्याने बघवेना. म्हणून हाक मारली." मग त्यांनी वहिनीकडे पाहिलं. "पोचली का ग, सूनबाई?"

वहिनीने घंटीवरचा आकडा त्यांच्यासमोर धरला. डोळे पुसत हसत होती वेडी. अण्णांनी थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवला. मला विचाराल तर तेव्हा मी रडत नव्हते, धाप लागली होती मला.

मधवाला मात्र कामाचा माणूस. तो म्हणाला, थवा उडून जायच्या आत पेटीत घ्यायला हवा. टेम्पोत त्याची एक रिकामी पेटी होती. तो आणि अण्णा फांदीखाली, आणि पेटी धरायला कोण, तर आमचा दादा, डोळे घट्ट मिटून आणि मागच्या सगळ्या जन्मांच्या पापांची क्षमा मागत. एकही माशी चावली नाही त्याला. सगळं निवांत झाल्यावर मधवाल्याने रिकाम्या टेम्पोकडे पाहिलं, भरलेल्या पेट्यांकडे पाहिलं आणि स्वतःशीच हसला. "न्यायला आलो होतो, आणि एक देऊन चाललो," म्हणाला. दादाने त्याला अडवलं नाही. माझ्या हातात अजून त्याचा कप होता, तो मी त्याला देऊन टाकणार होते.

परत येताना मी वहिनीला म्हटलं, "आता तरी म्हण की झालं."

"बघू," ती म्हणाली. "पावसात झाडांची पानं ओली असताना एकदा तपासायला हवं."

गुडघ्यांना सांगितलं आहे मी, तयारीत राहा म्हणून.

आता घंटी रोज वाजते. झाडाला मोहर आला की वाजते, नवी राणी दिसली की वाजते, आणि चहा हवा असला तरी वाजते. अण्णा अजून एकदाही पडलेले नाहीत. दादा दर वेळी चिडतो, यापुढे मी उठणारसुद्धा नाही म्हणतो, आणि दर वेळी चप्पल न घालताच धावत सुटतो.